कुलथे न चुकता आत येतात

दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं.
कुलथे उत्तरेश्वर, परतूर डेपो, आत आले.
ब्राउझरमधून नाही,
कमांड लाइनच्या काळ्या खिडकीतून.
पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर.

इथंच माझा चहा थांबला.

कुलथेंना मी कधी पाहिलेलं नाही,
पण तीन वर्षं त्यांच्या चुका वाचतेय:
सोमवारी नऊ दहाला पहिली,
नऊ अकराला दुसरी,
मग कॅप्स लॉक सापडतो आणि ते येतात,
सरकीच्या पिशव्यांचा हिशेब टाकतात,
पावणेसहाला उठून जातात, लॉग आउट न करता.
असा माणूस गुरुवारी मध्यरात्रीनंतर
एकाही अक्षराला न अडखळता येतो
आणि अकराव्या सेकंदाला
कंपनीतल्या सगळ्यांच्या नावांची यादी मागतो.

घरचा माणूस घरी येऊन
घरात किती जण आहेत, असं विचारत नाही.

सत्र तोडलं. टोकन रद्द. खातं बंद.
बाहेर एमआयडीसीकडं
भट्ट्यांचा उजेड आभाळाला खालून लागलेला.
जालना रात्री कधी पुरतं काळं होत नाही.

माझा पणजा येसकर होता, मंठ्याच्या अलीकडं एका गावात.
दिंडी दरवाजाशी घोंगडी, काठी,
आणि येणाऱ्याच्या खोकल्यावरून
तो अंधारात घर ओळखायचा, आबा सांगतात.
डावी वहाण घासत आली, तर पाटलाचा धाकटा.
काहीच वाजलं नाही, तर तोच,
पण वहाणा हातात.
तेव्हा पणजा तोंड फिरवायचा.
तेही कामातच धरलेलं.
अख्खी वेस त्याच्या हातात,
आणि चूल वेशीबाहेर.

कुलथेंनी सातव्या रिंगला उचलला.
"आत्ता? मी झोपलोय की."
"कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडली होती का?"
"आमच्या खिडकीला जाळी हाय, मॅडम."
मग जरा वेळानं, "काही गेलं का?"
"सरकी जागेवर आहे."
"दुपारी मेल आला होता, पासवर्ड संपतोय म्हणून.
त्या पानावर टाकला, तर
एका झटक्यात घेतला बगा.
जन्मात पहिल्यांदा. लई बरं वाटलं."

मी त्यांना सांगितलं नाही
की ते पान काहीही टाकलं तरी घेतं.

आणि हेही नाही, की
ब्राउझरच्या दाराला दोन कुलपं आहेत, काळ्या खिडकीला एकच:
फय्याजची रात्रीची स्क्रिप्ट अडकायची,
म्हणून मार्चमध्ये सूट दिली.
सूट देणाऱ्याच्या रकान्यात सही माझी.
अहवालात हे मी वरच लिहिलं,
तिसऱ्या ओळीत, ठळक.

"तुमचं नाव काय म्हणालात?"
सांगितलं.
"आडनाव?"

भोकरदन नाक्यावर खोली बघत होते,
तेव्हा घरमालकिणीनं हेच विचारलं होतं,
चावी मुठीत धरून.
यंत्राला टोकन लागतं, ठसा लागतो, फोनवरचा आकडा लागतो.
आडनावावर आजवर त्यानं
मला दारात उभं केलेलं नाही.

सांगितलं. पूर्ण, सावकाश.
पलीकडं काही नाही.
दोन ओळींमधलं अंतर मोजणं हा माझा धंदा:
चार सेकंद.
मग खोकला, कोरडा, तंबाखूचा.
हा खोकला आता मला ठाऊक आहे.
"बरं. नवा पासवर्ड जरा सोपा द्या, ताई."

सोपा देता येत नाही.
बारा अक्षरं, एक चिन्ह, दोन आकडे.

फय्याजची सूट मी त्याच पहाटे काढली,
तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

सोमवारी ड्युटी नव्हती, तरी लॉग उघडून बसले.
नऊ दहा, चुकले.
नऊ अकरा, चुकले.
नऊ बारा, पुन्हा चुकले, तेव्हा मी पुढं वाकले.
नऊ चौदाला आले.
यादी कुणाची मागितली नाही.